वयनीच्या नायिका

माझं माहेर वालावलचं. जत्रेतल्या दशावताराला वडील आम्हा सगळ्या भावंडांना घेऊन जात, पण सिनेमाचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. डी.एड. होऊन, तेविसाव्या वर्षी लग्न ठरेपर्यंत मी दोनच सिनेमे पाहिले होते, एक संतांचा आणि एक कुटुंबनियोजनाचा. दोन्ही शाळेच्या पटांगणात दाखवलेले.

लग्न होऊन आचऱ्याला आले. घर रस्त्याला लागून, पुढच्या बाजूला भातगिरण आणि पिठाची चक्की. घरात सासूबाई, थोरले दीर, त्यांची बायको, आम्ही दोघं. थोरली जाऊ माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आमचे हे तिला वयनी म्हणत, म्हणून मीही वयनीच म्हणू लागले. दिरांना दादा.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी दुपारी चारला वयनीने गिरणीचा खटका खाली ओढला, न्हाणीत जाऊन केसांतलं पीठ धुतलं आणि धुवट लुगडं नेसून माझ्या दारात उभी राहिली.

"चल गो बाय. तुका कायतरी दाखवतंय."

आमच्यापासून चार घरं सोडून एका मुसलमान कुटुंबाकडे टीव्ही होता. घरातले दोघे भाऊ आखातात. त्यांतल्या थोरल्याची बायको वयनीची जिवाची मैत्रीण. रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा लागायचा आणि त्यांच्या ओसरीवर वीस-पंचवीस बायका-पोरं दाटीवाटीने बसायची. वयनीची जागा ठरलेली होती, टीव्हीच्या अगदी समोर. त्या दिवशी तिने शेजारी मला बसवलं.

सिनेमा काळा-पांढरा होता. गोष्ट आता नीट आठवत नाही. एक बाई खिडकीशी उभी राहून गात होती आणि गाता गाता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते खाली पडलं नाही. कडवं संपेपर्यंत तिथेच थांबलं. बायकांना रडताना मी पुष्कळ पाहिलं होतं. चुलीशी, विहिरीवर, कुणी गेल्यावर. पण कुणी त्या रडण्याकडे इतका वेळ, इतक्या जवळून बघत बसलंय, असं कधी पाहिलं नव्हतं. मी पदराने डोळे पुसले. वयनीने कोपराने ढोसलं.

"रडतंस काय? शेवटाक लगीन होता तिचा."

वयनीचं माहेर शिरोड्याचं. तिच्या लहानपणी भात कापून झालं की मोकळ्या झालेल्या मळ्यात तंबूचा सिनेमा यायचा. तिचे वडील दारावर तिकिटं फाडायला असत. तिकीटवाल्याची मुलगी म्हणून तिला आत फुकट सोडत, पण पुढे बसू देत नसत. ती पडद्याच्या मागे, वाळलेल्या गवतावर बसायची. चित्र तिकडूनही दिसायचं, फक्त उलटं.

"पडद्याच्या मागसून बघितलंय मी सगळे सिनेमे," ती सांगायची. "माझ्यासाठी सगळी जणां डावरीच."

पुढे टीव्हीवर तेच सिनेमे पाहताना ती मध्येच थबकायची. तिच्या आठवणीतला एका नटीचा तीळ भलत्याच गालावर निघायचा. एक सिनेमा तिने तेरा वेळा पाहिला होता. त्यातला शब्दन् शब्द तिला पाठ होता, आणि हिंदी तर तिला बोलता येत नव्हतं.

नट्यांची खरी नावं ती घ्यायची नाही. "नावां तेंची खोटीच असतत," म्हणायची, आणि स्वतः ठेवलेल्या नावांनी त्यांना हाका मारायची. एक होती पाणेरी, तिच्या डोळ्यांत नेहमी पाणी. एक रुसकी, अर्धा सिनेमा रुसून बसणारी. एकीचं नाव नुसतंच शिरोड्याची, कारण ती वयनीच्या माहेरच्या शेजारणीसारखी दिसायची. हळूहळू मीही त्याच नावांनी बोलू लागले. माझे यजमान वैतागून म्हणत, "कोण गो ही रुसकी? आपल्या गावातली काय?"

वयनीमुळे मी बघायला शिकले. रुसकी मान वळवते तेव्हा आधी डोळे वळतात, मग हनुवटी. पाणेरी हसते तेव्हा ओठ हसतात, कपाळ हसत नाही. शिरोड्याचीला नाचता येत नाही, म्हणून तिला नेहमी झोपाळ्यावर नाहीतर होडीत बसवतात. रविवारी पाहिलेला सिनेमा आम्हांला आठवडाभर पुरायचा. भाकऱ्या थापताना, मासे निवडताना आम्ही त्याच बायकांची सुखदुःखं बोलत असायचो. सासूबाईंना वाटे, आम्ही नातलगांबद्दल बोलतोय.

वयनी गायची फार सुरेख. पण सासूबाईंच्या पुढ्यात सुनेने सिनेमाची गाणी म्हणायची सोय नव्हती. ती सोय गिरणीत होती. पट्टा एकदा फिरायला लागला की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचाही आवाज ऐकू येत नसे. वयनी पत्र्याच्या फनेलात भात ओतायची, तुसाची धूळ उडायची, आणि त्या घरघराटात ती पोटातून, मोकळ्या गळ्याने गायची. दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तिचे फक्त ओठ हलताना दिसत. मी जवळ जाऊन तिच्या तोंडाशी कान नेला की सूर सापडायचा.

गिरण दोघी सुनांनी आळीपाळीने बघायची, असं माझ्या लग्नाच्या वेळी ठरलं होतं. सहा महिने मी पाहिली. संध्याकाळी डोकं बधिर व्हायचं, कानांत पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. मग मला प्राथमिक शाळेत नेमणूक मिळाली. घरात दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी वयनीच म्हणाली,

"तू जा शाळेत. गिरण मी बघतंय. माका काय, गाणी म्हणूक मिळतली."

मी हसले. तीही हसली. आणि मी शाळेत जाऊ लागले.

बारा-तेरा वर्षं अशी गेली. सासूबाई वारल्या. आमच्या घरात टीव्ही आला, मग रंगीत टीव्ही आला. वयनीची मुलगी पाचवी-सहावीत गेली. मला मूल झालं नाही. ती मुलगी दोघींची होती.

एका शनिवारी शाळा सकाळची होती, म्हणून मी दुपारच्या आत घरी आले. वीज गेली होती, गिरण बंद. गिरणीच्या खोलीत वयनी सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. बाजूला कोनाड्यात सेलवरचा रेडिओ चालू होता. तो स्टेशनवरून सरकला होता. नुसती खरखर येत होती, मोठी, कानाला टोचणारी. आणि त्या खरखरीच्या सोबतीने वयनी एक गाणं गुणगुणत होती. कडवं संपल्यावर ती थांबली. वाद्यांना जेवढा वेळ द्यायचा तेवढा दिला, मान हलवली, आणि पुढचं कडवं उचललं.

मी उंबऱ्यात उभी होते. तिचं लक्ष गेलं. क्षणभर तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली,

"आज किती बरी गाणी लावतत गो."

मी म्हटलं, "होय."

आत गेले, पर्स खुंटीला लावली, पाणी प्याले. गेलं वर्षभर ती सारखी "आं?" करते, टीव्हीचा आवाज वाढवते, रेडिओ बिघडला म्हणून दोनदा दुरुस्तीला देऊन आली, हे सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं. मला कळलं, आणि मी कुणालाही बोलले नाही. दादांना नाही, नवऱ्याला नाही. आज शोधायला गेले तर बरीच कारणं सापडतात: तिला वाईट वाटेल, कदाचित मळ साचला असेल, सुट्टीत बघू. खरं कारण एकच होतं. कान गेले म्हटलं की कशाने गेले हे आलं, आणि मग गिरणीत उभं कोण राहणार हे आलं.

दहा महिने गेले. शेजारच्या लग्नात कर्ण्यावर वयनीचं सर्वांत आवडतं गाणं लागलं. ते कुठेही लागलं की हातातलं काम टाकून ती डोळे मिटायची. त्या दिवशी ती पंगतीत भात वाढत होती आणि कर्ण्याखालून तशीच वाढत पुढे गेली. तिची मुलगी ओरडली,

"आये, तुझा गाणा लागला हा!"

वयनी वळली नाही. मुलीने पुन्हा हाक मारली, मग धावत जाऊन पदर ओढला. आणि सगळ्या पंगतीदेखत म्हणाली, "आयेक आयकाक येणा नाय."

कुडाळला कानाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. त्यांनी तिच्या कानांना यंत्र लावलं, घंट्या वाजवल्या, कागदावर रेघा काढल्या. मग विचारलं, "यंत्राजवळ काम करता का? किती वर्षं?"

वयनीला प्रश्न ऐकू आला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी दिलं.

"लग्न झाल्यापासून. वीसेक वर्षं."

"कानात कापसाचे बोळे तरी घालायचे. त्रास सुरू झाला तेव्हाच काम थांबवलं असतं तर एवढी वेळ आली नसती. आता गेलेलं परत येणार नाही."

परतीच्या एस्टीत वयनीने विचारलं, "काय म्हणालो?" मी तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगितलं, "मशीन लावया म्हणालो." बाकीचं सांगितलं नाही.

गिरण दादांनी गडी ठेवून चालवली आणि चार वर्षांनी विकून टाकली. वयनीला कानाचं मशीन आलं. ते लावलं की बोलणं थोडंफार कळायचं. पहिल्या रविवारी ती ते लावून सिनेमाला बसली. गाणं सुरू झालं आणि तिचा चेहरा वाकडा झाला. दोन ओळींनंतर तिने मशीन काढून मुठीत धरलं.

"गाणा नाय गो ह्या. पत्र्यार रेती वतल्यासारख्या लागता."

त्यानंतर सिनेमाला ती मशीनशिवायच बसू लागली. पुढे जुन्या सिनेमांचंच एक चॅनेल आलं, दुपारभर तेच. मी शाळेतून आले की आम्ही दोघी बसायचो. सिनेमे तिने पाहिलेले असत. गाणं आलं की ती नटीच्या ओठांकडे बघायची आणि ओठ हलले की स्वतः गायला लागायची. मी तिच्या मनगटावर बोटांनी ठेका धरायचे, म्हणजे ती मागेपुढे होत नसे. सुरुवातीला सूर अगदी जागच्या जागी होते. दोघी एकदम गातायत असं वाटायचं, पाणेरी टीव्हीत आणि वयनी माझ्या शेजारी.

मग वर्षं गेली तसा सूर हलायला लागला. विहिरीतलं पाणी उतरत जातं तसा, आज कळू नये इतका, पण दर वर्षी थोडा. आधी वरचे सूर गेले, मग मधलेही कुठेतरी भलतीकडे जायला लागले. शब्द सगळे बरोबर, चाल मात्र गाण्याला सोडून. ती गायला लागली की दादा उठून मागे माडांत जायचे. मला त्यांचा राग यायचा.

"बरोबर गातंय मां मी?" ती विचारायची.

मी मान डोलवायचे.

रुसकी वारली ती बातमी लागली तेव्हा मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. दुपारी टीव्ही लावला तर सगळ्या बातम्यांच्या चॅनेलांवर तीच. तरुण, काळी-पांढरी, बागेतून धावणारी, मान वळवणारी. एक गाणं अर्धवट टाकून दुसरं, दुसरं टाकून तिसरं. खाली पट्टीवर अक्षरं पळत होती, पण वयनीला मोतीबिंदूमुळे ती दिसत नव्हती. ती टाळी वाजवून पुढे सरकली.

"अगो, आज सगळी हिचीच लावल्यानी हत! ह्या बघ, ह्या तंबूत बघितलेला!"

एकामागून एक गाण्याचे तुकडे येत राहिले आणि ती प्रत्येक तुकड्याबरोबर गात राहिली, हसत राहिली. इतकी आनंदात तिला मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मी तिच्या मनगटावर ठेका धरून बसले. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण आली. ज्यांच्या ओसरीवर आम्ही पहिला सिनेमा पाहिला, तीच. तिने टीव्हीकडे बोट केलं, रुसकीसारखी मान वळवून दाखवली, मग दोन्ही हात वर नेऊन डोळे मिटले. वयनीला कळलं. मैत्रीण गेल्यावर ती माझ्याकडे आली. मी कुळीथ निवडत होते. समोर बसली.

"काल तुका म्हायत होता?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मी हसत होतंय. गाणी म्हणत होतंय. आणि तू बघत बसलंस."

"तुका बरा वाटत होता वयनी, म्हणान..."

माझे ओठ तिने वाचले की नाही कोण जाणे. मग तिने जे विचारलं त्याची मी कल्पनाच केली नव्हती.

"त्या दिवशी रेडिओ खरखरत होतो, तुझ्या तोंडार दिसला माका. तू दारात उभी होतंस. तुका कळला होता मां?"

वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. मी कुळथातून हात काढले.

"होय."

"मग बोललंस कित्याक नाय गो? माका काय सांगूक येणार होता? सून मी. गिरण नको म्हटलंय असतंय तर ह्येंनी काय म्हटल्यानी असता, लोकांनी काय म्हटल्यानी असता. मी वाट बघत होतंय. कोणतरी बोलतला म्हणान. तू दारात दिसलंस तेवा वाटला, आता ही बोलतली."

ती चिडून बोलत नव्हती. हरवलेली वस्तू कुठे पडली असेल ते आठवत बोलावं तशी बोलत होती. मी तिचे पाय धरले. तिने पाय मागे घेतले नाहीत आणि मला उठवलंही नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "कुळीथ सांडले बघ," आणि वेचायला लागली.

चार दिवस ती सिनेमाला आली नाही. पाचव्या दिवशी आली, जागेवर बसली आणि मनगट माझ्यापुढे केलं.

गेल्या श्रावणात तिला न्यूमोनिया झाला. कुडाळला दवाखान्यात ठेवलं. गोव्याहून मुलगी आली. दिवसा मी बसायचे, बाकी वेळ ती. वयनीला धाप लागायची, बोलवत नसे. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्स सलाईनची बाटली बदलायला आली. कोवळी मुलगी होती, काम करता करता काहीतरी गुणगुणत होती. वयनीची नजर तिच्या ओठांवर खिळली. नर्स गेल्यावर तिने बोटाने मला जवळ बोलावलं.

"खयचा गाणा म्हणी होती गो ती?"

मी नीट ऐकलंच नव्हतं. नव्या सिनेमातलं कुठलंतरी असणार. मी वाकून, प्रत्येक शब्दाला ओठ नीट हलवत, तिच्या त्या आवडत्या गाण्याची पहिली ओळ सांगितली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझ्यावर तिचा विश्वास बसला की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. पण तिच्या चादरीवरच्या बोटांनी थोडा वेळ ठेका धरला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

दिवसकार्य झालं, मुलगी गोव्याला परतली. मी टीव्ही लावायचं सोडून दिलं. महिना-दीड महिन्याने एका दुपारी, हे बाजाराला गेले होते आणि घर फार गप्प झालं म्हणून, लावला. पाणेरीचा सिनेमा होता. थोड्या वेळाने दादा दारात येऊन उभे राहिले. लग्न होऊन आल्यापासून माझ्याशी ते थेट असे फारच कमी बोललेले. धाकट्या भावाच्या बायकोशी आमच्याकडे तेवढंच बोलतात. ते आत आले, वयनीच्या जागेपासून हातभर लांब, भिंतीला टेकून बसले. गाणं सुरू झालं. पूर्ण झालं. दादा तसेच बसून होते.

"मी उठान जाय होतंय," ते टीव्हीकडेच बघत म्हणाले. "तुका वाटत असात, माका आवडा नाय म्हणान. लगीन झाला तेवा ती ह्याच गाणा म्हणी होती. किती बरा म्हणी. मागीर मागीर ता बिघडत गेला, आणि माका आयकवेना."

गिरण कुणाची होती, उभी कोण राहिली आणि गप्प कोण बसलं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पाणेरी पडद्यावर पत्र लिहीत बसली होती. दादा सिनेमा संपेपर्यंत बसले, मग पंच्याने तोंड पुसत माडांकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मीही टीव्ही लावला नाही.